पाचव्या दिवसाचे तेरा अँपिअर

फरहाच्या डोक्याला जो भुंगा लागला, तो फक्त तेरा अँपिअरचा होता. पिंप्री बाजारच्या वीज उपकेंद्रात ती ऑपरेटर, दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी. दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं, कोणत्या लाइनवर किती भार आहे तो वाचायचा आणि वहीत आकडा टाकायचा. बाकीचे ऑपरेटर आकडा टाकला की मोबाइलमध्ये तोंड खुपसत. ही बाई टाकलेल्या आकड्याकडे बघत बसायची. आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात एकटीच मुलगी होती तेव्हापासूनची तिची खोड, 'काहून', म्हणजे 'का', विचारल्याशिवाय घास खाली उतरायचा नाही.

आता गावातल्या घरादुकानांच्या लाइनवर मे महिन्यात संध्याकाळी सातला बासष्ट अँपिअर असायचे. ते समजण्यासारखं आहे, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि घरोघरी कूलर. पण मधूनच एखाद्या संध्याकाळी तो आकडा पंच्याहत्तर व्हायचा, तासभर तिथंच मुक्काम ठोकायचा आणि आला तसा निघून जायचा.

नुसती गंमत असती तर फरहाने सोडूनही दिली असती. पण नेमक्या त्याच संध्याकाळी तिच्या मोहल्ल्याच्या डीपीचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा, आणि लाइनमनला लगेच तो बांधावा लागायचा. होळीपासून ती डीपी दोनदा जळली होती. उपकेंद्राच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा जळली तं जूनच्या आंधी नवी भेटत नाई. अन् तुमच्या मोहल्ल्यात लोक वीज चोराले तारांवर आकडे टाकत असतीन, दुसरं काय?" ते फरहाच्या फारच मनाला लागलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरात वीस दिवसांचं बाळ होतं. भावजय इफ्राला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. वर टीनाचं छप्पर, खाली एक कूलर. कूलर बंद पडला की पाच मिनिटांत ते लेकरू लालबुंद व्हायचं आणि मग रडणंही सोडून द्यायचं. ते रडणं सोडायचं तेव्हा फरहाला जास्त भीती वाटायची.

"गरमीचा भार हाय पोरी, त्यात काय पाहाचं?" लाइनमन राजपालकाका म्हणाले. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.

"गरमी तं रोजच हाय काका. बारा तारखेले आभाळ होतं, एकोणचाळीसच डिग्री. तरी पंच्याहत्तर. अन् पंधराले पंचेचाळीस डिग्री, तं बासष्टच. काहून?"

"मंग म्याच असंन क्रिकेटची."

"म्याच रोजच असते."

"लग्न?"

फरहाने लग्नंही तपासली. गावातल्या दोन्ही मंडपवाल्यांना फोन केले. एकाला वाटलं हिचंच जमलं, त्याने भाव सांगायला सुरुवात केली. लग्नांचा काही मेळ बसेना. शुक्रवारच्या जुम्म्याचाही बसेना. शेवटी तिने वहीतल्या त्या तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. दोन, सात, बारा, सतरा. कागद राजपालकाकांच्या नाकासमोर धरला.

काकांनी तो लांब धरून वाचला. "पाच-पाच दिवसांनी? अवं, आपल्या गावात पाच दिवसांनी एकच चीज येते. नळ."

फरहाने कपाळावर हात मारला. तिच्या भागातला नळ पाचव्या दिवशी संध्याकाळी यायचा आणि ती नेमकी तेव्हा ड्युटीवर. घरी गेलं की भरलेले ड्रम दिसायचे, ते कसे भरतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. नळाला मोटर लावून पाणी ओढतात हे सगळ्या गावाला ठाऊक. तेरा अँपिअर म्हणजे त्याच मोटरी. कोडं सुटलं म्हणायचं.

पण तेवढ्यावर थांबली तर ती फरहा कसली. पाणी चांगलं तासभर असतं. मग फ्यूज पहिल्या दोन मिनिटांतच काहून उडतो? शंभर-सव्वाशे घरं, कोणी स्वयंपाकात, कोणी नमाजला, कोणी दुकानात. सगळ्यांचं बोट एकाच क्षणाला बटणावर कसं पडतं? मोटर सुरू होताना पाचपट वीज खाते हे ती शिकली होती. एकेक करून लागल्या तर डीपी सहज झेलेल. एकदम लागल्या म्हणून ती मरते. मग एकदम लावायला सांगतं कोण?

बावीस तारखेला तिने पाळी बदलून घेतली आणि सहा वाजताच घरी येऊन ओट्यावर बसली.

गल्ली शांत होती, पण ती झोपेतली शांतता नव्हती. बाया दारात लसूण सोलत होत्या, बोलत होत्या, आणि मधेच बोलणं थांबवून कान देत होत्या. घरात अम्मी, सकीनाबी, नळाजवळ पाटावर बसली होती. यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, पाणी सोडायच्या व्हॉल्व्हला लागून. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो, फुस्स करून. ती फुस्स पहिल्यांदा या घरात. साडेसहाला नळ फुसफुसला, सकीनाबीने बटण दाबलं, आणि तिची जुनी मोटर दळणाच्या चक्कीसारखी घरघरली. पुढच्या घरात दुसरी. मग तिसरी. मग मोजायला उसंतच मिळाली नाही, अख्खी गल्ली एकदम घरघरायला लागली. बल्ब पिवळा पडला, कूलरचा पंखा धापा टाकू लागला. खांबावर फाट्कन आवाज झाला आणि सगळं बंद. आतून इफ्राने हाक मारली, "बाजी, पंखा आणा."

फरहाने धावत जाऊन बाळाला हातपंख्याने वारा घातला. घालता घालता तिला कळलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सारी वही चाळली, मंडपवाल्यांना पिडलं, आणि बटण दाबणारी घरातच बसली होती.

रात्रीच्या जेवणाला ताटावर बसताच तिने विषयाला तोंड फोडलं. "अम्मी, डीपी तुह्या मोटरनं जळून राह्यली."

सकीनाबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माह्या एकटीच्या? अन् बाकीच्या मोटरी काय अगरबत्तीवर चालतात?"

"बाकीचे तुही मोटर ऐकूनच लावतात. पाणी कव्हा येईन कोणाले मालूम नसते. तू लावली की आलं, असं समजतात."

"मंग कान माह्याकडं लावाले मी सांगतलं काय?" सकीनाबी म्हणाली, पण मनातून तिला ते थोडं आवडलं होतं. मग तिचा आवाज उतरला. "कूलरात दिवसाले तीन हंडे लागतात, बेटा. मोटर नाई लावली तं पुढचे सारं पाणी ओढून घेतीन. नातवाच्या कूलरात काय टाकू मी?"

बाळासाठी मोटर, आणि मोटरीपायी बाळाचा कूलर बंद. फरहा म्हणाली, "एकच पाळी. सत्तावीस तारखेले अर्धा घंटा थांब. एकेकाले आपल्या मर्जीनं लावू दे. पाणी नाई भेटलं तं मी राजपालकाकाच्या गाडीवर कॅन आणते."

"अन् डीपी जळली तं?"

"तं मी चूक."

सत्तावीसला ती ड्युटीवर होती. साडेसहाला मीटरसमोर जाऊन उभी राहिली. बासष्ट. पावणेसातला बासष्ट. सातला त्रेसष्ट. राजपालकाका मागून डोकावले. "नळच आला नसंन आज." नळ आलाच नसेल तर बरं, पण येऊन गेला असेल आणि लोक अम्मीच्या मोटरीची वाट बघत बसले असतील तर? अख्खा मोहल्ला पाच दिवस कोरडा, आणि शिव्या अम्मीला. सव्वासातलाही त्रेसष्टच. आता तिच्याने राहवेना. तिने फोन लावला.

बराच वेळ रिंग गेल्यावर सकीनाबीने उचलला. मागे कूलरचा सरळ, एकसुरी आवाज येत होता.

"अम्मी, लाइट हाय ना? बाळ?"

"झोपलं हाय."

"पाणी आलं नाई काय?"

"आलं. मोटर नाई लावली मी. कोणीच नाई लावली, सारे माह्याच मोटरीची वाट पाहून राह्यले होते. नळ आपोआप चालू राह्यला. धार बारीक हाय, पण दोन ड्रम झाले."

फरहाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिंकल्याचं होतं ते, लपवायचं काय त्यात. तिला खूप काही विचारायचं होतं. धार किती जाड, किती वाजता सुरू झाली, दुमजली घरात चढलं का. पण त्याआधी सकीनाबीच म्हणाली, "बेटा, एक गोष्ट झाली."

"काय झालं अम्मी?"

"गल्लीच्या पार टोकाची कमलीबाई हाय ना, एकटी राह्यते ती म्हातारी. आत्ता दारात आलती. मी समजली भांडाले आली. तिच्यापाशी मोटर नाई. चार सालांपासून हापशीवरून हंडे वाहून राह्यली. मले वाटे तिचा नळच खराब हाय."

"मंग? काय म्हणत होती?"

"पुसत होती, सकीनाबी, तुमची मोटर बिघडली काय? म्हणे, माह्या नळाले पाणी आलं."