माझ्या पोटातली आग

मित्रांनो, मी एक जळालेली घंटागाडी आहे. नगरपरिषदेच्या आवारात, पाण्याच्या टाकीमागे मी उभी आहे. माझ्या काचा फुटल्या, टायर वितळून चाकांना चिकटले, आणि माझा रंग हिरवा-निळा होता हे आता कोणाला खरे वाटणार नाही. मुले मला लांबूनच बघतात. जरा जवळ या. माझी हकीकत ऐका.

माझा जन्म सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. जन्म कसला, मारच तो! पत्रे कापले, हातोड्यांनी ठोकले, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अंग भाजून काढले. पोटात मधोमध एक पत्रा उभा केला. एका बाजूला ओला कचरा, दुसऱ्या बाजूला सुका. मग राहुरी तालुक्यातल्या एका निमशहरी गावात मी नगरपरिषदेच्या कामाला लागले. भिमाजी माझा ड्रायव्हर, आणि क्रिस्टीनाताई माझ्यामागे चालून घरोघरचा कचरा घेणारी. ज्या घरांनी ओले-सुके वेगळे दिले, त्यांच्या भाजीच्या देठांचे खत झाले, पुठ्ठे आणि बाटल्या पुन्हा कारखान्यांत गेल्या. गावाने कौतुक केले. मीही ऐटीत फिरत असे.

पण बरीच घरे सगळे एकाच काळ्या पिशवीत कोंबत, गाठ मारत आणि हात झटकून मोकळी होत. ती गाठ क्रिस्टीनाताईला सोडावी लागे. उष्टी डाळ, बाळाचे लंगोट, गोळ्यांची रिकामी पाकिटे, सगळे ती हाताने निवडी. हातात मोजे असत, पण काचेपुढे रबराचे काय चालणार?

एकदा तिने अशाच एका पिशवीत हात घातला आणि किंकाळी फोडली. शिळ्या भातात फुटलेली लोणच्याची बरणी होती. मोजा फाडून काच बोटाच्या मुळाशी रुतली. रक्ताची धार माझ्या पत्र्यावरून खाली ओघळली. भिमाजीने आपला रुमाल तिच्या हाताला आवळून बांधला आणि मला दवाखान्यापर्यंत पळवले. टाके पडले, पण आतली शीर तुटली होती. ते बोट पुन्हा कधी वाकले नाही. बरणी कोणाच्या घरची, हे शेवटपर्यंत कळले नाही. टाकणाऱ्याच्या ते लक्षातही नसेल.

हाताला पट्टी बांधूनच ती कामावर परतली. म्हणाली, "भिमाजीभाऊ, आता मिसळलेला कचरा घ्यायचा न्हाई. कुनी काय बी म्हनू दे."

"व्हय ताई. न्हाई म्हंजे न्हाई," भिमाजी म्हणाला. नगरपरिषदेनेही तसे जाहीर केले. बहुतेक लोकांनी ऐकले. अंगदने ऐकले नाही.

अंगदचे घराच्या ओट्यावरच मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. ताईच्या हाताची पट्टी सुटायच्या आधीच एका सकाळी त्याने दोरीने बांधलेली जड पिशवी रस्त्यावर आपटली. क्रिस्टीनाताईने ती उघडून पाहिली. वर कोंबडीची हाडे, खाली दुकानातला कचरा.

"दादा, येगळं करून द्या की. उद्याच्याला न्हेते."

"तू मला शिकवनार? उचल गुमान!"

"न्हाई उचलनार," ती म्हणाली. भिमाजी खाली उतरला आणि त्याने पिशवी शांतपणे अंगदच्या फाटकाशी ठेवली.

अंगद आत गेला आणि शटरची लोखंडी पहार घेऊन आला. पहिला घाव माझ्या समोरच्या काचेवर बसला. दुसरा दिव्यावर. भिमाजी आडवा आला, तेव्हा तिसरा त्याच्या कानावर. भिमाजी गुडघ्यांवर पडला. त्याच्या मानेवरून रक्त शर्टात उतरत होते. गल्लीतली माणसे दारात उभी राहिली. कोणी मोबाईलवर चित्रण करत होते, पुढे कोणी आले नाही. ज्योती, अंगदची बायको, ओट्यावरून ओरडत होती, "आवो, सोडा! मरंल तो मानूस!"

अंगदने पिशवी उचलून माझ्या सुक्या कप्प्यात फेकली आणि पहारेने आत ठेचू लागला. "घे! खा!" म्हणत तो माझ्या पोटात घाव घालत होता.

पिशवीत मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. त्याच्याच दुकानातल्या.

आधी फुसकन धूर आला. मग पांढरा जाळ उसळून थेट त्याच्या तोंडावर गेला. पुठ्ठे पेटले, प्लास्टिक पेटले, कोणाच्या तरी घरचा सेंटचा डबा धडामकन फुटला. अंगदची बाही जळत होती. पळायचे सोडून तो जागेवरच गरगर फिरत होता. तेव्हा क्रिस्टीनाताई धावली. तिने त्याला खाली पाडले, ओल्या कचऱ्याच्या कप्प्यावरचे भिजलेले गोणपाट त्याच्यावर टाकले आणि पट्टी बांधलेल्या हातानेच थापटून आग विझवली.

मी मात्र पेटतच होते. एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज. गल्लीत मुले होती. भिमाजी धडपडत उठला, माझ्या फुटक्या काचेमागे बसला आणि त्याने मला चालू केले. पाठीमागे जाळ, मानेवर रक्ताची धार. तशात त्याने मला रिकाम्या बाजारतळावर नेले आणि उडी टाकली. बंब येईपर्यंत माझे पोट फाटून उघडे पडले होते.

भिमाजी जगला, पण त्या कानाने त्याला ऐकू येत नाही. अंगदवर खटला चालू आहे. भाजलेला चेहरा घेऊन तो माफी मागायला भिमाजीच्या दारात गेला होता. भिमाजीने दार लावून घेतले. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता नवी गाडी फिरते, मागे क्रिस्टीनाताईच. ज्योती तिच्याकडे ओले वेगळे, सुके वेगळे देते; फुटकी काच कागदात गुंडाळून, निराळी हातात देते. पहिल्या दिवशी क्रिस्टीनाताईने ती पुडी उघडून पाहिली आणि पुन्हा गुंडाळली. मग एवढेच म्हणाली, "आशी देत जा, बाई." गल्लीतली इतर घरेही शिकली आहेत. सगळी नाही.

मित्रांनो, लवकरच मला भंगारात नेतील. त्याचे मला दुःख नाही. माझे लोखंड वितळेल आणि त्याचे पुन्हा काहीतरी होईल. एखादी खुर्ची, एखादी सायकल, कदाचित दुसरी घंटागाडीही. पण पिशवीला गाठ मारण्याआधी एक क्षण थांबा आणि आत काय आहे ते बघा. तुमच्या घरातल्या बाटलीची दुसरी बाटली होते. क्रिस्टीनाताईच्या बोटाचे दुसरे बोट होत नाही.