अठ्ठावीस मिलिमीटर

मेहुणी दुकानात आली तेव्हा काचवाला एका खिडकीची काच कापत होता, म्हणून ती काही न बोलता स्टुलावर बसली. काच कापताना त्याच्याशी बोलायचं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मेहुणीला ते जड गेलं असणार. तिला सगळे चिमणी म्हणत ते काही उगाच नाही.

काच सरळ तुटली. त्याने ती भिंतीला टेकवली, आणि चिमणी सुरू झाली. जेवता का, झोपता का, दाढी कशाला वाढवलीत, ताईने असं घरात तरी घेतलं असतं का.

"ताई असती तर दाढी वाढलीच नसती," काचवाला म्हणाला.

चिमणीचे डोळे भरले. तिची ताई, म्हणजे काचवाल्याची बायको, फुप्फुसाच्या कॅन्सरने जाऊन आता काही महिने झाले होते. डोळे पुसून चिमणी त्याची समजूत घालू लागली. "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही केलंत तेवढं कोण करतं? चौथ्या स्टेजला माणसं सहा महिनेसुद्धा काढत नाहीत. ताईने सव्वा वर्ष काढलं."

"चौथी झाली कधी पण?" हातावरची काचेची कणी फडक्याने झटकत त्याने सहज विचारलं. "अगदी शेवटी ना?"

चिमणी गप्प झाली. ती गप्प झाली यातच सगळं आलं.

"चिमणे, मी काय विचारतोय?"

"पहिल्यापासूनच होती, भाऊजी." तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, शेवटी तरी तिने सांगितलं असेल तुम्हाला."

काचवाल्याने फडकं खाली ठेवलं. त्याला तो पहिला दिवस आठवला. दोघी बहिणी डॉक्टरांच्या खोलीत आधी गेल्या आणि त्याला मागून बोलावलं. त्याने आत पाय टाकताच विचारलं होतं, "गाठ केवढी आहे?" डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "अठ्ठावीस मिलिमीटर."

त्याला हायसं वाटलं होतं. मिलिमीटर त्याच्या रोजच्या हातातला. अठ्ठावीस म्हणजे किती, हे त्याने तिथेच अंगठा आणि बोट धरून दाखवलं आणि बायकोला म्हणाला, "बघ, तीन सेंटिमीटरसुद्धा नाही." ती हसली होती. घरी आल्यावर भेटेल त्याला तो तेच सांगत सुटला. पुढे दर खेपेला डॉक्टरांना एवढं एकच विचारायचा, आणि डॉक्टर एवढंच सांगायचे. औषधाने अठ्ठाविसाची एकवीस झाली त्या दिवशी तो बायकोसाठी फिरायला जायचे बूट घेऊन आला. तिची पाठ दुखायची. पडून पडून दुखते, ती म्हणाली, म्हणून त्याने नवी गादी आणली. तरी दुखते म्हटल्यावर गादीवाल्याशी भांडून तीही बदलून आणली.

"डॉक्टर मग खोटं बोलले?" त्याने विचारलं.

"खोटं कुणीच बोललं नाही. गाठ लहानच होती. पण मणक्यात पसरली होती, यकृतात पसरली होती. अशी लांब पसरली की मूळची केवढी आहे त्याने स्टेज बदलत नाही. शेंगदाण्याएवढी असो नाहीतर लिंबाएवढी, चौथी ती चौथीच. ताई डॉक्टरांना म्हणाली, ते विचारतील तेवढंच सांगा." आणि मग, बोलायची सवयच म्हणून, ती पुढे बोलून गेली, "तुम्हीच नाही का गिऱ्हाइकाला सांगत, टवका केवढाही असू दे, तडा लांब गेला की काच गेली?"

"मला काचेचं शिकवू नकोस."

चिमणीने पदर तोंडाला लावला.

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"तुमच्या लेकीला."

"आणखी?"

चिमणीने बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे न्हाव्याचं दुकान.

काचवाला तसाच उठून तिकडे गेला. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

"तुला माहीत होतं?"

काय ते न्हाव्याने विचारलंसुद्धा नाही. ब्रश हवेतच थांबला. "वहिनींनी शपथ घातली होती, दादा. औषधाने केस जायला लागले तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं, सगळेच काढून टाक म्हणाल्या. काढता काढता बोलल्या."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही! गल्लीत कुणाची मांजर व्याली तरी पिल्लांच्या रंगासकट मला सांगत येतोस. आणि हे गिळून बसलास?"

"पोट फुगलं होतं माझं, दादा. तुम्ही रोज इथे बसून म्हणायचात, एकवीस झाली, एकवीस झाली. मी नुसती कात्री चालवायचो."

फेस लावलेला माणूस खुर्चीतून म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

"बस गप," दोघेही म्हणाले.

परत येईपर्यंत काचवाल्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लेक दहा दिवस राहून गेली ती उगाच नाही. ती आईजवळ झोपायची आणि त्याला म्हणायची, "बाबा, तुम्ही बाहेर झोपा, दमून येता." लेकीला किती समज आली म्हणून तो खूश. चिमणी दर आठवड्याला यायची. दोघी दार लावून तासन्‌तास बसायच्या. तो चहा घेऊन जायचा. दोन्ही हातांत कप म्हणून दार पायाने ढकलायचा, आणि दोघी एकदम गप्प. "माझीच निंदा चाललीय वाटतं," तो म्हणायचा. बायको म्हणायची, "दुसरं आहे काय बोलायला?"

त्याच महिन्यांत त्याने एका मोठ्या इमारतीच्या खिडक्यांचं काम घेतलं होतं. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. "एवढं उरकलं की आपण दोघं जाऊ कुठेतरी," असं त्याने तिला सांगितलं होतं. "जाऊ की," ती म्हणाली होती. तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. नवऱ्याला बाजारातून सुया आणायला सांगावं तशी म्हणाली होती. खिडक्या बसवून झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

"तुम्ही सगळ्यांनी तिचा निरोप घेतलात," तो चिमणीला म्हणाला. "मी चहा केला."

"असं नका हो म्हणू, भाऊजी. ती म्हणायची, त्यांना कळलं तर ते मला बघायचं सोडून माझं मरण बघत बसतील. घरात एक तरी माणूस असा हवा, जो माझ्यावर वैतागेल."

"आणि मला काय हवं होतं?"

चिमणीने पुन्हा पदराने डोळे टिपले.

"मला कळलं असतं तर मी त्या इमारतीकडे ढुंकून पाहिलं असतं का? तुला तिने बहीण म्हणून सांगितलं, लेकीला लेक म्हणून. न्हाव्याला कोण म्हणून सांगितलं? आणि मी कोण होतो? पस्तीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मी, आणि मला मिलिमीटर!"

"भाऊजी..."

"माझ्यासाठी काही म्हणाली?"

चिमणीने ओठ उघडले. ती काहीतरी जुळवतेय, हे त्याला दिसलं.

"खरं सांग. आता खेळ पुरे."

"नाही," चिमणी म्हणाली. "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, त्यांच्याशी तर मी रोज बोलते."

"रोज!" काचवाला म्हणाला. "रोज काय बोलायची? पंखा बंद करा. मीठ जास्त पडलंय. पाय पुसून या."

तो उठला. दुकानाच्या मागेच, न्हाव्याच्या भिंतीला लागून, घर होतं. "लेकीला सांग, इतक्यात फोन करू नकोस म्हणावं. मला जमेल तेव्हा मीच करीन. तुलाही तेच." चिमणी रडत होती, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्याचा हात उठला नाही.

तो आत गेला. बायकोच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. ती गेल्यापासून तो या खोलीत आला की हळू बोलायचा, आणि बोलायचाही चांगलंच. आज तो पलंगासमोर उभा राहिला.

"लाज नाही वाटली तुला?" तो मोठ्याने म्हणाला. भिंतीपलीकडे न्हाव्याची कात्री थांबली. थांबू दे. "रडलो असतो मी. दोन दिवस, चार दिवस रडलो असतो. मग बसलो असतो ना तुझ्याजवळ! तू ठरवलंस मला झेपणार नाही. कुणाला विचारून ठरवलंस?"

त्याला दम लागला. श्वास घ्यायला तो पलंगाच्या कडेवर बसला, आणि बसल्या बसल्या पुन्हा सुरू झाला.