सृष्टीच्या रानातले डास

आमच्या ह्यांचा जगात दोघांवरच राग. एक रानडुक्कर, दुसरा डास. डुकरं दर साली भुईमूग उकरतात, म्हणून त्यांच्यावरचा राग समजू शकतो. डासाला मात्र कारण लागत न्हाय. आणि मारायचा म्हंजे फाडकन आवाज निघाला पायजे, त्याबिगर तो मेला असं ह्यांना वाटतच न्हाय. सास्तूरला आमच्या घरी तिन्हीसांजंला टाळ्या सुरू झाल्या की शेजारची कस्तुराबाई भिंतीपलीकडून इचारायची, "बनाबाई, आज कुणाचं भाषण हाय गं घरात?"

अशा माणसाची लेक वनरक्षक झाली. सृष्टी. आमी खाली लोहाऱ्याच्या अंगाला आणि ती वर उत्तरंला, येडशीच्या जंगलात. ह्यांनी गावभर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासनं दळण लावलं, "पोरगी एकटी रानात. दुसरी नोकरी बघू की." सहा महिने तेच. शेवटी ठरलं असं, की बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर जनावरं मोजायला बाहेरची माणसं घेतात, तवा आमी दोघांनी नावं द्यायची आणि तिचं रान डोळ्यांनी बघायचं. पटलं तर बरं. न्हाय पटलं तर ह्यांनी राजीनामा लिहून तयार ठेवला हुता, मोत्यासारख्या अक्षरात, खाली सहीपुरती जागा सोडून.

सृष्टी फोनवर म्हणाली, "या आबा. तुमाला न्हाय पटलं तर करते सही."

बापाचीच जीभ ती. त्या खाकीसाठी पोरगी दोन साल पहाटं रस्त्यावर धावली. घड्याळ धरून बांधावर मीच हुबी असायचे. पण बापाला दिलेला शब्द ती मोडायची न्हाय, हे मला ठाऊक हुतं.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना केली आणि तशाच पांढऱ्या कपड्यांवर आमी यष्टीत बसलो. खिरीचा डबा माझ्या मांडीवर, राजीनामा ह्यांच्या खिशात. येडशीला उतरून हे म्हणाले, "जरा थांब," आणि झाडाआड गेले. परत आले तर सगळं अंग चकचकीत. वासानं माझं डोकं भणाणलं.

"हे काय लावलं?"

"करंजाचं तेल. जंगलातला डास लई वंगाळ."

"अहो, गोचिडाला लावतो ते? बैलाचं?"

"बैलाला डास चावलेला बघितलायस का कधी?" म्हणाले. बैल काय येऊन सांगणार हाय व्हय मला?

सृष्टी नाक्यावर घ्यायला आली हुती. खाकीत पोरगी उंच दिसत हुती. जवळ आली, वास घेतला, बापाकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, जनावरं अर्ध्या कोसावरनं वास घेतात. आणि हे पांढरं? चांदण्यात तुमी कंदिलागत दिसाल."

मी मुकाट्यानं पदरावर तपकिरी चादर घेतली. ह्यांना मात्र हापशावर बसवून पोरीनं मातीनं अंग घासायला लावलं. डास पळवायच्या कॉइलचा पुडा मी पिशवीतनं काढला तर तोही गेला. उन्हाळ्यात वाळल्या गवतात ठिणगी चालत न्हाय, म्हणाली. मग तिनं आपला जादाचा खाकी सदरा आणून दिला. हे आधी घ्यायला तयार न्हाईत.

"लेकीचा सदरा घालू?"

"ह्या रानात माझंच ऐकावं लागतं, आबा. बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय. आणि टाळी तर अजिबात वाजवायची न्हाय."

मी तोंड फिरवून हसले. पांढरा काढून पिशवीत टाकला. खाकी खांद्यात बसला पण बाह्या तोकड्या, मनगटं उघडीच. डासांना पंगतीचं आवतणच.

पाच वाजता मचाणावर चढलो. खाली डबक्याएवढं पाणी. दिवेलागण झाली, चांद वर आला आणि डास आले. मला चादर हुती. ह्यांच्या दोन्ही मनगटांवर, कानांवर, मानंवर बसले. ह्यांचा हात उठायचा, सृष्टी नुसती बघायची, हात खाली. असं धा-बारा वेळा झालं. मला वाटलं, आता हा माणूस उठतो, राजीनामा काढतो, आणि पोरगी इथंच सही करते. मनातल्या मनात म्या हात जोडले.

तेवढ्यात पाल्यात खसफस झाली. आणि आलं कोण? डुकरीण. मागं पट्ट्यापट्ट्यांची सहा पिल्लं. लई दिवसांचा वैरी समोर, आणि आमचे हे मचाणावर, तोंड मिटून.

पिल्लं पाणी प्यायली. आई चिखलात लोळली. सृष्टी कागदावर लिहीत हुती, आणि तिच्या गालावर एक डास येऊन बसला. चांगला टम्म फुगला तरी ती हलली न्हाय, डोळे खालीच. ही पोरगी पाळण्यात हुती तवा हे कामावरनं आल्याबरोबर जेवायच्या आधी टॉवेलनं तिच्यावरचे डास हाकायचे. आता ह्यांनी तो डास बघितला. हात उठला, अर्ध्यावर थांबला. ह्यांच्या नाकाच्या शेंड्यावर दुसरा बसला हुता, त्याचं भान न्हाय. लेकीकडंच बघत हुते. मग हात सावकाश मांडीवर आला आणि तिथंच ऱ्हायला.

डुकरीण पिल्लं घेऊन निघून गेली तवा सृष्टीनं गाल खाजवला. बापाचं नाक बघितलं. "लई सोसलं की आबा," एवढंच बोलली.

सकाळी खाली उतरलो तर ह्यांचं नाक जांभळाएवढं, मनगटं टरारलेली. मी म्हणाले, "डुकरिणीला डास चावले न्हाईत बघा. तुमी बी लोळायचं हुतं." सृष्टीनं खीर खाल्ली, हात धुतले आणि बापापुढं येऊन हुबी ऱ्हायली. "आबा, द्या कागद. शब्द दिलाय."

ह्यांनी तेलकट पांढरा सदरा पिशवीतनं काढला आणि माझ्याकडं दिला.

"हापशावर पाणी हाय. हा धुऊन घे."

"अहो, खिशात कागद हाय."

"ठाऊक हाय. तसाच भिजव."

मी हापशाकडं निघाले. मागं सृष्टी म्हणत हुती, "मग माझा सदरा द्या की आबा, ड्यूटीला लागतो."

"एवढा ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "गावात घालून जातो."