बर्फाखाली कोंडलेलं तळं

मी गिरमिट बोलतोय. लाकडाला भोक पाडणारं सुताराचं गिरमिट माझं चुलत भावंड, साधं बिचारं. मी बर्फाला भोक पाडतो. चार फूट उंची, पोलादी अंग, खाली दोन पाती, वर फिरवायचा वाकडा दांडा. मुक्काम मिनेसोटाच्या पार उत्तरेला, एका उथळ तळ्याकाठी. इथे नोव्हेंबरात पाणी गोठतं ते एप्रिलपर्यंत. लोक त्या बर्फावर ट्रक नेतात, खुर्च्या मांडतात, माझ्याकडून वीतभर भोक पाडून घेतात आणि त्यात गळ सोडून तासन्‌तास बसतात. याला ते विश्रांती म्हणतात.

माझा पहिला मालक आयव्हर. थापा मारण्यात एक नंबर. मीही त्याच्याच हाताखाली शिकलो. एका वर्षी बर्फ इतका जाड होता की डिसेंबरात मला फिरवायला घेतलं आणि पाणी लागलं तेव्हा एप्रिल उजाडला होता. एका पाइक माशाने आयव्हरची टोपी ओढून नेली आणि पुढच्या रविवारी तीच घालून तो भोकातून वर आला. पटत नसेल तर टोपीचं सोडून द्या, मासा खरा होता.

यापुढचं मात्र सगळं खरं आहे, आणि ते सांगताना मला मजा येत नाही.

आयव्हर गेला. त्याच्या बायकोने मला गराज सेलमध्ये, दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, मांडलं आणि डॉक्टर श्रीरंग मला घरी घेऊन गेले. हे आमचे श्रीरंगकाका मूळ नागपूरचे, गावातले छातीचे एकमेव डॉक्टर. इथे येईपर्यंत गळ कसा असतो हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. पण बर्फावर बसल्याशिवाय गाव आपलं मानत नाही हे त्यांनी ओळखलं. दहा वर्षं बसले. ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि मासेमारीच्या हिवाळी स्पर्धेचं अध्यक्षपद गावाने काकांना दिलं. काकांनी लगेच मिनिआपोलिसच्या मराठी मंडळातल्या चाळीस जणांना आमंत्रण दिलं. "सगळ्यांनी यायचं, यार. बर्फावर बटाटेवडे!"

त्या हिवाळ्यात बर्फावर अडीच फूट भुसभुशीत हिम साचलं. वर सगळं कसं चकाचक पांढरं. खाली मात्र मिट्ट काळोख. तळं जेमतेम दहा फूट खोल. उजेड नाही म्हणून पाणवेली मेल्या, कुजायला लागल्या, आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊ लागल्या. मला हे आधी कळलं, कारण पाण्यात आधी तोंड माझंच जातं. जानेवारीच्या शेवटी भोक पडल्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास वर आला.

काका म्हणाले, "कुणी डबा उघडला का?"

"तळ्याने," लतिका म्हणाली.

लतिका म्हणजे काकांच्या बायकोच्या, विनीताकाकूंच्या, मैत्रिणीची मुलगी. पुण्याहून युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, आणि याच तळ्यावर संशोधन करणारी. शनिवार-रविवार काकांकडे मुक्काम. ती भोकातून बाटलीभर पाणी काढायची आणि त्यात दोन औषधं टाकायची. पाण्यात हवा असेल तर बाटलीत दाट तपकिरी गाळ धरतो. हवा कमी, तर फिका. हवा नाहीच, तर पांढरा. डिसेंबरात गाळ चांगला चॉकलेटी होता. त्या दिवशी दुधाच्या चहासारखा निघाला.

"काका, काठावरचा हवेचा पंप आज चालू करा. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला कुणी अडवणार नाही."

"पंप चालवला की तिथला बर्फ वितळतो, धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात. मग दोन आठवड्यांवर आलेली स्पर्धा कॅन्सल."

"करा ना कॅन्सल."

"अगं, माणसं बोलावलीत! चार तास ड्राइव्ह करून येणार. गाव काय म्हणेल? पहिल्यांदा आपल्या माणसाला मान दिला, आणि त्याने पहिल्याच वर्षी... नुसत्या बाटलीचा रंग बघून?"

"तुमच्या पेशंटचा श्वास असा उतरला तर त्याला दोन आठवडे थांबायला सांगाल?"

काका हसले. "मासे माझे पेशंट नाहीत, बेटा. स्पर्धा झाली की संध्याकाळीच पंप लावतो. प्रॉमिस."

मी तिथेच बर्फात उभा होतो. माझ्या पात्यावरून टपकणारं पाणी काळं होतं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन पडलं. तळ्यावर दोनशे भोकं पाडली. त्यातली वीस माझी, उरलेली त्या बोंबलणाऱ्या मोटरवाल्या गिरमिटांची. आणि मग असं घडलं जे मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मासे स्वतः होऊन भोकांशी आले. पर्च, वॉलाय, एक हातभर लांबीचा पाइकसुद्धा. तोंडं वर करून उघडझाप करत उभे. गळाकडे कुणी बघतही नव्हतं. लोक सरळ हात घालून त्यांना उचलत होते.

"डॉक, यू आर अ लकी चार्म!" गाववाले ओरडत होते. मंडळातले एकनाथराव कॅमेरा घेऊन धावत होते. "श्रीरंग, तुझा पायगुण बघ रे! मासे स्वागताला आलेत!"

काकांचा चेहरा असा फुलला होता की मलाही क्षणभर वाटलं, बरं चाललंय.

विनीताकाकू रत्नागिरीच्या. मासा हातात आला की पहिल्यांदा बोटाने कल्ला उचलून बघायचा, ही सवय त्यांनी एवढ्या लांबही सोडली नव्हती. त्यांनी बादलीतून एक वॉलाय घेतला. शेपटी अजून हलत होती. कल्ला उचलला आणि त्यांचा हात थबकला.

"अहो, हे बघा."

"ताजा आहे की! आत्ता काढलाय."

"ताजाय, जिवंतसुद्धा आहे. पण कल्ले बघा, लालभडक हवेत, हे काळपट पडलेत. बाजारात कुणी असा दिला असता तर त्याच्याच टोपलीत परत टाकला असता मी." त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. "सगळे तसेच. हे खायला आलेले नाहीत हो. धाप लागलीये यांना."

काकांनी मासा हातात घेतला. किती वेळ त्या उघडमीट करणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले. रोज दवाखान्यात ते हेच बघत होते. बक्षिसांची घोषणा करायला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

पंप संध्याकाळी सुरू झाला. कबूल केल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी लतिकाची बाटली पांढरीशुभ्र निघाली. तिने ती काकांच्या हातात दिली आणि वहीत तारीख लिहिली.

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि काठ पांढरा झाला, पोटांनी. आठवडाभर गाव फावड्याने मासे उचलत होतं. "बॅड विंटर, डॉक," ते काकांना म्हणायचे. कुणी त्यांना दोष दिला नाही. काका रोज पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन फावडं मारायचे आणि मग दवाखान्यात जायचे.

त्याला दोन वर्षं झाली. तळ्यात नवी पिल्लं सोडली आहेत, बोटाएवढी होती, आता वीतभर झाली असतील. लतिका पदवी घेऊन ओरेगनला गेली. जाताना औषधांची पेटी काकांना देऊन गेली. यंदा पुन्हा हिम साचलंय, तितकंच. परवावर स्पर्धा आलीये, गावभर फलक लागलेत.

आज दुपारी काकांनी मला उचललं. एकटेच होते. भोक पाडलं, बाटली भरली, औषधं टाकली. चहाचा रंग. ते गाडीतून पाट्या काढून तळ्याभोवती ठोकत गेले, 'धोका, पातळ बर्फ'. मग पंपघरात जाऊन खटका ओढला. कुणाला विचारलं नाही.

आता मी स्वयंपाकघरात ओल्या वर्तमानपत्रावर उभा आहे. फोन वाजतोय. बंद होतो, परत वाजतो. काकू विचारतात, "उचलू का?" काका खिडकीतून तळ्याकडे बघत म्हणतात, "वाजू दे."

तुम्ही कुठल्या तळ्याकाठी राहत असाल आणि भोकाशी मासे आपणहून आलेले दिसले, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. हात घालू नका. धावत जा आणि सांगा कुणाला तरी.

पंपाची घरघर इथपर्यंत ऐकू येतेय. बर्फाखाली ती किती जणांना ऐकू येतेय, ते मला माहीत नाही.