हातचा डाव

सांगलीतल्या एका गिरणीमालकानं फुटबॉलचा संघ पोसला होता. पहिलवान पोसावेत तसाच: खुराक, पगार आणि राहायला खोली. त्या संघात मेढ्याचा नाथाजी आणि सांगलीचाच अण्णाप्पा एकाच दिवशी भरती झाले. पाच वर्षांत अण्णाप्पा कुठल्या कुठं गेला. पानवाले त्याच्याकडून पैसे घेत नसत, पोरं त्याच्यासारखा भांग पाडत. नाथाजी दिसला की लोक विचारत, "अण्णाप्पा मागनं येतोय का?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, नाथाजीचं तर कुठंच विकलं नाही.

खरं सांगायचं तर अण्णाप्पाचे निम्मे गोल नाथाजीच्या पायातून आलेले. दोघातिघांना चकवून चेंडू गोलाच्या तोंडाशी न्यायचा आणि अण्णाप्पाला द्यायचा, हेच त्याचं काम. पण जेवण आठवतं, वाढपी कोणाला आठवतो? नाथाजीला त्याचं वाईट वाटत नसे. अण्णाप्पाचा त्याच्यावर सख्ख्या भावासारखा जीव होता. सल होता तो बापाचा.

बाप ज्ञानू, जुना कुस्तीगीर. सेहेचाळीस साली तो पहिल्यांदाच सामना बघायला आला. नाथाजीनं जीव तोडून चेंडू नेला, अण्णाप्पाला दिला, गोल झाला आणि लोकांनी अण्णाप्पाला खांद्यावर घेतलं. म्हातारा परतीच्या मोटारीत चढून बसला. मग म्हणाला, "हाताशी आल्याला डाव दुसऱ्याला देतोस व्हय रं? आमी त्याला कुस्ती सोडली म्हंतो."

नाथाजीला समजावून सांगता आलं नाही. जाणूनबुजून हरून कुस्ती सोडणाऱ्याचं बापाला तोंड बघवत नसे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. वर्षभर ते बोलणं त्याला खात राहिलं.

पुढच्या वर्षी हंगामातल्या शेवटच्या सामन्याला म्हातारा आपणहून आला. आज गोल आपणच करायचा आणि बापाला दाखवायचा, असं नाथाजीनं ठरवलं. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. चेंडू त्याच्या पायात आला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. डावीकडं अण्णाप्पा मोकळा उभा राहून ओरडत होता, "नाथा, दे!"

नाथाजीनं दिला नाही. तिसऱ्याला अंगावर घेत त्यानं स्वतःच चेंडू गोलाकडं मारला. चेंडू बाहेर गेला आणि गुडघा कडाडला. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या मैदानाच्या तोंडी नाथाजीचं नाव होतं, पण शिव्यांसकट.

म्हातारा धावत आला, पाय मांडीवर घेऊन चोळू लागला. पण हाडं ओळखणारे हात ते. हा पाय आता खेळायचा नाही हे त्यांना लगेच कळलं.

"आबा, या टायमाला डाव सोडला न्हाई," नाथाजी कण्हत म्हणाला.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

"दसऱ्याला अण्णाप्पा घरी आल्ता, पोरा. तू देतोस म्हनून मी हाय, म्हनला. समदं समजावलं त्यानं मला. तुला बोलायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं. आज मी तुझं देनंच बघाय आलो हुतो."