एकवीस खिशांची वर्दी

मित्रांनो, मी एक जुनी खाकी वर्दी आहे. पण मला पाहून सलाम ठोकू नका, आणि घाबरूही नका. मी खऱ्या पोलिसाच्या अंगावर कधीच चढले नाही. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेसाठी मला शिवलं होतं. ती मालिका सात भाग चालली आणि बंद पडली. तुम्ही ती पाहिली नसणार. फार थोड्यांनी पाहिली.

माझा जन्म छावणीत, गयासभाईंच्या शिलाईच्या दुकानात झाला. गयासभाईंनी उभा जन्म फौजी लोकांचे कपडे शिवले. त्यांची शिलाई म्हणजे फुटपट्टीनं ओढलेली रेघ! मालिकेचा व्यवस्थापक शिवराज माझं चित्र घेऊन आला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एकवीस जेबा? मियाँ, ये वर्दी हय की किराना दुकान?"

"दुकानच समजा, चाचा. आमचा हवालदार खिशातून काय बी काढतो."

गयासभाई कुरकुरले, पण शिवायला बसल्यावर त्यांनी जीव ओतला. वीस खिसे साधे होते. एकविसावा मात्र बिनबुडाचा. त्यात हात घातला की तो अस्तरातून थेट पाठीवरच्या फटीतून बाहेर यायचा. चित्रीकरणाच्या वेळी मागे एक माणूस लपून बसे आणि त्या वाटेनं वस्तू पुढे सरकवी. मग हवालदारसाहेब खिशातून कधी दहा हात लांब साडी काढत, तर कधी मुळासकट ऊस.

हे हवालदार म्हणजे पडेगावचे पुंजाराम. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली आणि तीस वर्षं गणपतीच्या नाटकांत कामं केली. टीव्हीवर काम मिळालं ते निवृत्तीनंतर. पहिल्या दिवशी त्यांनी मला अंगात घातलं. त्यांनी माझं वरचं बटण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

मालिकेचं नाव होतं 'ठाणं हरवलं आहे'. तिच्यातलं पोलीस ठाणं रोज सकाळी नव्या जागी सापडायचं. एकदा विहिरीत, एकदा लिंबाच्या शेंड्यावर. हवालदारांचं पहिलं काम म्हणजे आपलं ठाणं शोधणं. एका भागात त्यांनी एका सावलीला चोरीच्या आरोपाखाली पकडलं. भर दुपारी ती पायांखाली नाहीशी झाली, तेव्हा पुराव्याअभावी तिला सोडून दिलं. चित्रीकरण करणारे लोक पोट धरून हसायचे. मला वाटायचं, आता सगळा महाराष्ट्र असाच हसणार!

महाराष्ट्र हसला नाही. शेजारचे सोमनाथराव मात्र घरी येऊन अगदी कळकळीनं म्हणाले, "पुंजाभाऊ, हसायचं कुठं तेवढं सांगून ठेवा. आम्ही हसतो."

पुंजारामांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "मला काय बी कळलं नाय. पण तुम्ही लई देखणे दिसता त्यात."

शेवटचा दिवस मला नीट आठवतो. नवरात्र होतं आणि कर्णपुऱ्याच्या यात्रेजवळ आठव्या भागाचं काम चाललं होतं. दुपार कलली आणि शिवराजचा फोन वाजला. मालिका बंद. पाव तासात दिवे, दोऱ्या, खुर्च्या सगळं गाडीत भरलं गेलं. त्या गडबडीत पुंजारामांचे घरचे कपडेही गाडीतच गेले. यात्रेच्या ऐन गर्दीत साठीचा माणूस माझ्यासकट एकटा उरला.

त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकून माझी चिन्हं झाकली. पोलीस नसताना पोलिसाचा पोशाख घालून हिंडणं हा गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. मान खाली घालून ते झपाझप निघाले. एवढ्यात माझा खालचा खिसा कुणीतरी ओढला.

पाचेक वर्षांची एक मुलगी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. आईचा हात सुटला तेव्हा तिनं गर्दीत खाकी रंग शोधला असावा. तिनं मला असं घट्ट धरलं, की शिवण करकरली.

पुंजारामांनी खांद्यावरचा टॉवेल आणखी ओढून घेतला. खोटा पोलीस आणि हरवलेलं लेकरू! लोकांनी पाहिलं तर काय समजतील? क्षणभर त्यांचा हात तिची बोटं सोडवायला खाली आला. मित्रांनो, मला ती गोष्ट लपवायची नाही. पण तो हात तिच्या डोक्यावर जाऊन थांबला.

"बाळ, मी खरा पोलीस नाय. पण खऱ्यांकडं नेतो. नाव काय तुझं?"

ती बोलेना. ते गुडघ्यावर बसले आणि एकेक खिसा उघडू लागले. एकातून शिट्टी निघाली, एकातून रबरी बेडूक, एकातून मूठभर चिंचोके. ती बघत राहिली. मग तिनं आपणहून बिनबुडाच्या खिशात हात घातला. तो खोल, आणखी खोल गेला, आणि पुंजारामांच्या पाठीवर तिची पाच बोटं वळवळली. तशी ती खुदकन हसली.

"लुबना," ती म्हणाली.

पोलीस मदत केंद्र चार दुकानं सोडून होतं. तिथल्या फौजदार प्रेरणा मॅडमनी आधी लुबनाला पाणी दिलं आणि माइकवरून तिचं नाव पुकारायला लावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"कुठलं ठाणं तुमचं?"

"हरवलंय," पुंजारामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग ते घामाघूम झाले. "मॅडम, माफ करा. मी पोलीस नाय. टीव्हीत काम करतो. म्हंजे, दुपारपर्यंत करत होतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ओळखपत्र मागितलं. ते घरच्या कपड्यांत, गाडीत होतं. शिवराजचा फोन लागेना. तेवढ्यात लुबनाची आई सगीरा धावत आली. तिनं लेकीला छातीशी कवटाळलं आणि पुंजारामांकडे पाहून तिचा आवाज चढला, "ये कौन हय? मेरी बच्ची इनके पास कैसे आई?"

उत्तर दिलं ते लुबनानं. "अम्मी, इनके जेब में रास्ता हय! मैं उधर से बाहर निकली!"

मॅडमनी भुवया उंचावल्या. त्यांनी स्वतः खिशात हात घालून पाहिला. त्यांची बोटं मागून बाहेर आली, तेव्हा शेजारचा शिपाई फस्सकन हसला. त्याच वेळी शिवराजचा फोन लागला आणि त्यानं सगळं खरं असल्याचं सांगितलं. सगीरानं दोन्ही हात जोडले. "भाईजान, गुस्से में बोल गई."

मॅडमनी जबाब लिहून घेतला. "बिल्ले आणि खांद्यावरची अक्षरं आजच उसवून घ्या. असं पुन्हा बाहेर पडायचं नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून विचारलं, "लेकराला सोडून सटकावंसं वाटलं नाही?"

"वाटलं, मॅडम," पुंजाराम म्हणाले. "पण तिनं धरलं होतं."

तिथून ते थेट गयासभाईंकडे गेले. गयासभाईंनी एकेक टाका उसवून माझी चिन्हं उतरवली. शेवटचं चिन्ह निघालं आणि पुंजारामांनी इतका लांब श्वास सोडला, की माझी सगळी बटणं सैल पडली. मालिका गेल्याचं दुःख त्यांना पुढे झालं, पण त्या संध्याकाळी ते फक्त सुटले होते. मीही सुटले होते. आता मला कुणाचंही सोंग करायचं नव्हतं.

शिवराजनं मला परत मागितलं नाही. दोन वर्षं मी पत्र्याच्या पेटीत पडून होते. कसरीनं कॉलर कुरतडली, दोन खिसे फाटले. मी संपले असंच मला वाटत होतं. यंदा द्वारकाबाईंनी मला उन्हात वाळवलं, ठिगळं लावली आणि परसात पेरणी करताना साडीवर चढवलं. आता एका खिशात मेथी असते, एकात गवार, एकात भेंडी. बिनबुडाच्या खिशात त्या एकदा विसरून धणे टाकून बसल्या. आमच्या मागोमाग वाटभर कोथिंबीर उगवली.

मित्रांनो, जुने कपडे टाकण्याआधी एकदा उलगडून बघा. ठिगळ लावलं की ते पुष्कळ दिवस साथ देतात. आणि गर्दीत कुणी घाबरून तुमचा सदरा धरला, तर शिवण उसवेल म्हणून मागे सरू नका. उसवलेलं शिवता येतं, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगते.