कावळ्याला दिलेलं वचन

तापीच्या घाटावर बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. सगळे कावळे पलीकडे जैनाबादच्या काठावर मीटिंग घेत बसलेले. आई हात जोडून म्हणाली, "मी नीट राहीन, माझ्यात जीव अडकवू नका." एकही हलला नाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, "बाबा, तुमचा कॉम्प्युटर विकणार नाही." लगेच एक कावळा आला आणि पोटभर भात खाऊन गेला.

आई उठली आणि एकटीच घाटाच्या पायऱ्या चढायला लागली.

महिन्याभरानं जुने कॉम्प्युटर जमवणारा इंदूरचा एक संग्राहक इतवारा पेठेतल्या आमच्या घरी आला. कॉम्प्युटर त्यानं चारी बाजूंनी बघितला.

"आंटीजी, असा पीस मिळतच नाही. एकच मालक, कधी खोललेला नाही, खोकासुद्धा ओरिजिनल. किंमत असते ती या जपण्याची."

"जपायचे खरे," आई म्हणाली. "मला टायफॉइड झालेला, तेव्हा पंखा याच्याकडे फिरवलेला होता."

"मग देताय ना?"

"पोरानं वचन दिलंय. विकता येत नाही."

ती आत गेली आणि कोमट पाण्याची बादली घेऊन आली. गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालतात, तशी तिनं कॉम्प्युटरला घातली, तांब्या-तांब्यानं, कीबोर्डच्या फटींतूनसुद्धा. संग्राहक भिंतीला टेकून रडायला लागला. बाबांसाठीही आमच्या घरात कोणी इतकं रडलं नव्हतं.

"निरंजन," आई म्हणाली, "टॉवेल आण. त्यांचाच आण."